वूल्सथॉर्पचं दगडी घर

गुरुवार, स्टॅमफर्ड

ताई लेस्टरला राहते. तिच्याकडे मे महिन्यात जायचं ठरलं तेव्हाच मी तिला सांगून ठेवलं होतं की यंदा लंडन नको, लिंकनशायरमधलं वूल्सथॉर्पचं शेतघर बघायचं. आयझॅक न्यूटन जिथे जन्मला ते घर. मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. काळा दगड, सागवान आणि चुना यांच्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. त्यामुळे मला त्या घरात न्यूटनइतकाच, खरं सांगायचं तर न्यूटनच्याही आधी, त्या भिंतींचा दगड बघायचा होता. म्हणून थेट घरावर न जाता आधी स्टॅमफर्डला मुक्काम केला.

स्टॅमफर्ड म्हणजे वेलंड नदीकाठचं, सगळंच्या सगळं चुनखडकाचं गाव. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये अख्खा परिसर वारसा म्हणून जपण्याचा कायदा आला, तेव्हा पहिला मान या गावाला मिळाला. चर्च, दुकानं, वृद्धांसाठी बांधलेली जुनी धर्मशाळा, नदीवरचा पूल, सगळीकडे तोच फिक्या मधाच्या रंगाचा दगड. हे सगळं बांधायला गावाला पैसा मिळाला तो मेंढीच्या लोकरीतून. विल्यम ब्राऊन नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने पंधराव्या शतकात बांधलेली धर्मशाळा आजही उभी आहे आणि आजही तिथे माणसं राहतात.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर मी एका भिंतीला अगदी नाक लावून दगड पाहिला. खसखशीएवढे गोल दाणे एकमेकांना चिकटून बसलेले, मध्येच शिंपल्याचा एखादा तुकडा. साधारण सतरा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळूच्या कणांवर चुन्याची पुटं चढत गेली आणि हा खडक झाला. आपल्या दख्खनचा काळा दगड लाव्हारसाचा, आणि वयाने याच्यापेक्षा कितीतरी लहान, सहासाडेसहा कोटी वर्षांचा. आपला दगड घडवताना छिन्नीतून ठिणग्या उडतात. हा खाणीतून ओला निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर सुकला की कडक होतो. पाथरवटाला एवढं दान मिळाल्यावर खिडक्यांच्या चौकटी लाकडाच्या कशाला करील तो?

शुक्रवार, बार्नॅक आणि कॉलीवेस्टन

सकाळी बार्नॅक. स्टॅमफर्डपासून पाचेक किलोमीटर. इथली खाण रोमन काळापासून चालू होती. पीटरबरो आणि ईली इथल्या प्रचंड कॅथीड्रलांचा दगड इथूनच नद्यांवाटे होडक्यांतून गेला. १५०० च्या सुमारास चांगला दगड संपला आणि खाण बंद पडली. राडारोड्याचे ढीग आणि खड्डे तसेच राहिले, त्यांवर गवत आलं, आणि आज ते निसर्गराखीव क्षेत्र आहे. चढउतार इतके की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. पास्कफ्लॉवरची जांभळी फुलं संपत आली होती, बऱ्याच देठांवर रेशमी केसांचे झुबके उरले होते. नांगर कधीच न लागलेल्या पातळ चुनखडी मातीतच हे फूल टिकतं, त्यामुळे इंग्लंडात ते आता फार थोड्या जागी उरलं आहे. ताई म्हणाली, "म्हणजे खाण खणली नसती तर इथे गहू असता आणि फुलं नसती." अगदी बरोबर.

दुपारी कॉलीवेस्टन. या लहानशा गावाचं नाव दगडी कौलांमुळे झालं. ही कौलं म्हणजे खरी स्लेट नव्हे, तोच चुनखडक, पण पातळ थरांचा. ती फोडायची रीत मला फार आवडते. हिवाळ्यात जमिनीखालून दगडाचे मोठे ठोकळे बाहेर काढायचे आणि उघड्यावर मांडायचे. ते सुकू द्यायचे नाहीत, वरून पाणी मारत राहायचं. मग रात्री कडाक्याची थंडी पडली की थरांमधल्या पाण्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं आणि दगडाचे थर सैल होतात. अशा बऱ्याच रात्री गेल्या की कारागिराने हातोडीने हलके ठोके द्यायचे, की पापुद्रा सुटून येतो. थंडी पडण्याआधी ठोकळा एकदा सुकला, तर तो पुन्हा कधी नीट फुटत नाही. म्हणजे या धंद्यात खाणवाला फक्त दगड काढतो, फोडायचं काम थंडी करते. विसाव्या शतकात हिवाळे सौम्य होऊ लागले तसा धंदा बसला. अलीकडे दगड शीतगृहात गोठवून कौलं काढायची युक्ती साधली, म्हणून जुन्या छपरांच्या डागडुजीला पुन्हा नवा माल मिळू लागला आहे.

गावातल्या एका छपराखाली आम्ही बराच वेळ उभ्या होतो. वळचणीला सगळ्यांत मोठी कौलं, वर आढ्याकडे जाताना एकेका ओळीत लहान होत जाणारी. थंडीने फोडलेला दगड एका मापाचा निघत नाही, म्हणून मापांप्रमाणे वाटणी करून जड माल खाली, हलका माल वर. प्रत्येक कौलाला एक भोक, त्यात ओक लाकडाची खुंटी, ती खुंटी रिपेला अडकवलेली. याचं वजन पेलायला खाली वासेही तसेच दणकट लागतात. छप्पर दुरून पाहिलं तर उंच भासतं, ते या लहान होत जाणाऱ्या ओळींमुळे.

परतताना वाटेतल्या एका खेड्यात कुंपणाची जुनी भिंत पाहिली आणि जीव हळहळला. कुणीतरी दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, म्हणजे दरजा, सिमेंटने भरल्या होत्या. सिमेंटच्या रेघा तशाच कडक, आणि मधला दगड मात्र भुसा होऊन बोटभर आत गेलेला. चुन्याची दर्ज ओल बाहेर सोडते. सिमेंटची सोडत नाही, मग ओल दगडातून बाहेर पडते आणि गोठताना दगडाचाच पापुद्रा घेऊन जाते. पुण्यात वाडेमालकांना हेच सांगून माझा घसा बसतो. तिथे बर्फ नाही, मीठ आणि ओल आहे, एवढाच फरक.

शनिवार, वूल्सथॉर्प

स्टॅमफर्डहून उत्तरेला ए-वन या हमरस्त्याने वीसेक किलोमीटर. हा पूर्वीचा लंडन ते एडिनबरा राजरस्ता. कोल्स्टरवर्थ गावाशी वळलं की दोन मिनिटांत वूल्सथॉर्प.

घर पाहताच ताई म्हणाली, "एवढंच?" मला मात्र तेच हवं होतं. या घराला वूल्सथॉर्प मॅनर म्हणतात, आणि मॅनर हा शब्द ऐकून आपण हवेली धरून चालतो. हे दोन मजली शेतघर आहे, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं : समोर आडवी मुख्य बाजू, मागे निघालेली शाखा. भिंती अनगड चुनखडकाच्या, थर धरून रचलेल्या, आणि कोपरे, दारं, खिडक्या एवढ्याच ठिकाणी घडीव चिरे. पैसा जिथे दिसायला हवा तिथेच खर्च केलेला. खिडक्यांत दगडाचेच उभे दांडे, आणि वरच्या बाजूला पुढे आलेली दगडी पट्टी. भिंतीवरून ओघळणारं पाणी त्या पट्टीवर अडतं आणि खिडकीवर न उतरता दोन्ही बाजूंनी खाली पडतं. पागोळ्यांची सोय किती विचार करून केली आहे ते त्या पट्टीच्या खालची खाच बघितली की कळतं : पाणी पट्टीच्या पोटाखालून मागे भिंतीकडे सरकू नये म्हणून ती कोरलेली असते.

आता हे घर कुणाचं, ते सांगायला हवं. न्यूटनचे आजोबा रॉबर्ट यांनी १६२३ मध्ये वूल्सथॉर्पचा मॅनर विकत घेतला. मॅनर म्हणजे जमीन तर खरीच, पण तिच्याबरोबर गावातले काही हक्क आणि मान, आपल्याकडच्या पाटीलकीसारखा. न्यूटन घराणं पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांचं, पण दर पिढीला एक पायरी वर चढणारं. १६३९ मध्ये रॉबर्ट यांनी हे सगळं मुलाच्या, म्हणजे न्यूटनच्या वडिलांच्या, थोरल्या आयझॅकच्या नावावर केलं. हा मुलगा १६४२ च्या ऑक्टोबरात वारला, लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. मागे राहिलेल्या मालमत्तेची यादी आजही उपलब्ध आहे : २३४ मेंढ्या, ४६ गुरं, आणि एकूण किंमत ४५९ पौंड १२ शिलिंग ४ पेन्स. त्या काळी साधारण शेतकऱ्याकडे पस्तीसेक मेंढ्या असत. म्हणजे या भिंती, हे घडीव चिरे, ही दगडी खिडकी, सगळं मेंढीच्या पाठीवरून आलेलं आहे. आणि एवढी मालमत्ता बाळगणाऱ्या त्या गृहस्थाला स्वतःची सही करता येत नव्हती, तो खूण करीत असे.

त्याच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, २५ डिसेंबर १६४२ ला, याच घरात मुलगा झाला. वेळेआधी जन्मलेला, इतका लहान की दोन पिंटांच्या, म्हणजे साधारण लिटरभराच्या, भांड्यात मावला असता, असं न्यूटनने स्वतःच म्हातारपणी सांगितलं होतं.

दारावर दगडी पाटी आहे, तिच्यावर कुटुंबाचं चिन्ह : नडगीची दोन हाडं, एकमेकांवर आडवी. आत शिरलं की पायाखाली दगडी फरसबंदी. सामान त्या काळाला साजेसं मांडलेलं आहे, पण बहुतेक वस्तू न्यूटन कुटुंबाच्या नाहीत. मी तिकडे फारसं पाहिलंच नाही. स्वयंपाकघरातली चूल मात्र पाहण्यासारखी. तिच्या आत माणूस उभा राहील एवढी ती रुंद आहे. अशा घरात सगळ्यात आधी धुराडं बांधून काढतात आणि मग खोल्या त्याच्या कुशीला बसवतात, कारण हिवाळ्यात जगायचं तर तीच एक गोष्ट महत्त्वाची.

मुख्य दालनात चुलीजवळच्या भिंतीपाशी आम्ही थांबलो. याच भिंतीवर न्यूटनने लहानपणी कोरलेली समजली जाणारी पवनचक्कीची आकृती २०१७ मध्ये सापडली. नुसत्या डोळ्यांना ती जवळजवळ दिसत नाही. वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून भिंतीचे शेकडो फोटो घेतले आणि ते संगणकावर एकत्र केले, तेव्हा रेघा उमटल्या. चक्की एका खांबावर उभी, वाऱ्याकडे तोंड फिरवता येईल अशी. त्याआधी १९२० आणि १९३० च्या दशकांत इथे राहणाऱ्या कुळांनी जुना भिंतीचा कागद काढला तेव्हाही काही रेखाटनं उघडी पडली होती. न्यूटनचा स्नेही आणि चरित्रकार विल्यम स्टुकली याने नोंदवून ठेवलं आहे की जवळच्या ग्रँथम गावाच्या रस्त्यावर नवी पवनचक्की उभी राहत असताना हा मुलगा कारागिरांच्या भोवती घुटमळत असे आणि मग त्याने तिची चालणारी प्रतिकृती केली, कधी वाऱ्यावर चालणारी, कधी आत उंदीर सोडून. मी त्या भिंतीचा गिलावा बघत होते. चुन्याचा गिलावा पूर्ण कडक व्हायला वर्षानुवर्षं लागतात, हवेतला कर्बवायू शोषत तो हळूहळू दगड होतो. त्यात मुलाने खिळ्याने रेघ मारली की ती राहते. ऑईलपेंट लावलेल्या भिंतीवर असं काही साठलं नसतं.

या घराशी त्या मुलाचं नातं सोपं नव्हतं. तो तीन वर्षांचा असताना आई हॅनाने शेजारच्या नॉर्थ विदमच्या म्हाताऱ्या पाद्रीशी, बार्नबास स्मिथशी, लग्न केलं आणि ती तिकडे राहायला गेली. मुलगा इथेच, आजीजवळ. अंतर अवघं दोनअडीच किलोमीटर. एकोणिसाव्या वर्षी त्याने आपल्या पापांची यादी सांकेतिक लघुलिपीत लिहिली, ती आज केंब्रिजला आहे. तीत एक नोंद अशी की सावत्र बाप आणि आई यांना घरासकट जाळून टाकीन अशी धमकी दिली. ताई हे ऐकून गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी चांगली असली तरी आईच ती."

हॅना १६५३ मध्ये दुसऱ्यांदा विधवा होऊन तीन मुलांसह परत आली. १६५९ मध्ये तिने आयझॅकला ग्रँथमच्या शाळेतून काढून शेतीला लावलं. मेंढ्या दुसऱ्याच्या रानात शिरल्या म्हणून मॅनरच्या न्यायसभेत त्याला ३ शिलिंग ४ पेन्स दंड झाला, वर डुकरं मोकाट सुटली म्हणून आणि कुंपण मोडकं ठेवलं म्हणून आणखी एकेक शिलिंग. मामा विल्यम एस्कफ केंब्रिजला शिकलेला होता. त्याने आणि शाळामास्तर हेन्री स्टोक्स यांनी आईचं मन वळवलं आणि १६६१ मध्ये मुलगा ट्रिनिटी कॉलेजात गेला. या दोघांचे पुतळे का नाहीत, असं मला नेहमी वाटतं.

१६६५ च्या उन्हाळ्यात प्लेग आला, विद्यापीठ बंद झालं आणि बावीस वर्षांचा न्यूटन घरी परतला. मधले काही महिने सोडले तर १६६७ च्या एप्रिलपर्यंत तो इथेच होता. आपल्याकडे त्याच काळात १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि १६६६ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज आग्र्यात अडकले होते. हे दोन काळ शाळेत वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवतात. इथे वरच्या मजल्यावर उभं राहिल्यावर ते एकत्र आठवले.

वरच्या खोलीत प्रिझमचा प्रयोग करून दाखवतात. खिडकीला झडप, झडपेला बारीक भोक, समोर भिंतीवर रंगांचा पट्टा. न्यूटनने १६७२ च्या पत्रात मापं दिली आहेत : भिंत २२ फुटांवर, पट्टा सव्वातेरा इंच लांब आणि दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच रुंद. सूर्यबिंब गोल, भोक गोल, मग चित्र रुंदीच्या पाचपट लांब का? सगळा शोध या लांबीवर उभा आहे. यातले कोणते प्रयोग या घरात झाले आणि कोणते केंब्रिजला, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण जाड दगडी भिंत आणि लहान खिडकी असलेली खोली दिवसाढवळ्या काळोखी करायला एक झडप पुरते, हे मात्र मी तिथे प्रत्यक्ष पाहिलं.

जन्माची खोली शेजारीच. तिथे संगमरवराची पाटी आहे, १७९८ मध्ये एडमंड टर्नर यांनी बसवलेली. न्यूटन १७२७ मध्ये गेल्यावर घर वारसाकडे आणि १७३३ मध्ये टर्नर घराण्याकडे गेलं. त्यांनी ते कुळांना शेतीसाठी दिलं, आणि माझ्या मते घर वाचलं ते याचमुळे. सरदाराने राहायला घेतलं असतं तर त्याने पाडून मोठं बांधलं असतं. दोनशे वर्षं ते शेतकऱ्याचंच घर राहिलं, म्हणून भिंतींवर फक्त चुना आणि कागद चढत गेला. १९४२ मध्ये, न्यूटनच्या त्रिशताब्दीला, भर युद्धात, रॉयल सोसायटी आणि पिल्ग्रिम ट्रस्ट यांनी ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवलं.

सगळ्यांची गर्दी बाहेर झाडापाशी होती. फ्लॉवर ऑफ केंट जातीचं, शिजवून खायचं सफरचंद. १८२० च्या वादळात ते कोसळलं, पण मूळ जमिनीतच राहिलं आणि तिथूनच पुन्हा फुटलं. आज जे वाकडंतिकडं खोड दिसतं ते त्याच मुळाचं. फुलं ऐन भरात होती, पांढरी, कडांना गुलाबी. सफरचंदाची गोष्ट न्यूटनने स्टुकलीला १५ एप्रिल १७२६ रोजी केन्सिंग्टनमध्ये, जेवणानंतर बागेत चहा घेताना सांगितली. डोक्यावर पडल्याचा उल्लेख त्यात कुठेही नाही. या झाडाची कलमं जगभर गेली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातही, न्यूटनचा पुतळा आहे तिथे, या वंशाची झाडं लावली होती. पुण्याची हवा सफरचंदाला मानवणारी नव्हे, तरी ती लावावीशी वाटली याचं मला अप्रूप आहे.

रविवार, कोल्स्टरवर्थ आणि ग्रँथम

सकाळी कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये गेलो. न्यूटनचे आईवडील इथेच पुरले आहेत. हॅना १६७९ मध्ये तापाने आजारी पडली तेव्हा न्यूटन केंब्रिजहून येऊन स्वतः तिची सेवा करत बसला होता. तिचं एकच पत्र शिल्लक आहे, ६ मे १६६५ चं, वूल्सथॉर्पहून लिहिलेलं : कापडाची काहीतरी गोष्ट, बहिणींचा लोभ, आईचे आशीर्वाद. अक्षर आणि शुद्धलेखन दोन्ही कच्चं. पण नवऱ्याला जे येत नव्हतं ते तिला येत होतं.

चर्चमध्ये ऑर्गनच्या मागे एक दगडी सूर्यघड्याळ भिंतीत बसवलं आहे. न्यूटनने नवव्या वर्षी कोरलेलं, असं सांगतात. ते उलटं बसवलेलं आहे. तोच मऊ चुनखडक, साध्या चाकूने कोरता येईल असा, आणि रेघा मुलाच्या हाताच्या असल्या तरी अंतरं जपून घेतलेली. शेतघराच्या भिंतीवरचं दुसरं एक घड्याळ १८४४ मध्ये काढून रॉयल सोसायटीला दिलं.

ग्रँथममध्ये फार वेळ घालवला नाही. न्यूटनचा १८५८ चा ब्राँझचा पुतळा चौकात आहे, भव्य आहे, पण मला विशेष काही वाटलं नाही. त्याची शाळा अजून चालू आहे आणि जुन्या वर्गाच्या दगडी खिडकीच्या कट्ट्यावर त्याने कोरलेलं नाव आहे, पण रविवार असल्याने आम्ही इमारत बाहेरूनच पाहिली.

कुणी जाणार असेल तर माझा सल्ला एवढाच : बार्नॅक आणि कॉलीवेस्टन आधी करा, वूल्सथॉर्प नंतर. तिथे घर रोज उघडं नसतं, वार बघून जा. आणि झाडापाशी गर्दी असेल तेव्हा आत जा, खोल्या रिकाम्या मिळतात. ताईला आता पुण्यात येऊन विश्रामबागवाड्याचा दगड बघायचा आहे. डिसेंबरचं तिकीट तिने परतीच्या वाटेवरच फोनवर शोधायला घेतलं.